मागच्यांना ऐकू येतंय ना?

तुळशीची लग्नं उरकली की आमच्या कल्याण पूर्वेला माणसांच्या लग्नांचा नंबर लागतो. यंदाही लागला. काल संध्याकाळी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेलो, तर नांदिवलीच्या बाजूने हंगामातला पहिला स्पीकर सुरू झाला. आधी नुसती खरखर, मग "हॅलो, चेक, चेक", मग बेंजोचा एक तुकडा, आणि मग माझं गाणं. स्वतःचं गाणं लांबून ऐकण्यात फारशी मजा नसते. चाल वाटेतच कुठेतरी गळते आणि आपल्यापर्यंत नुसते ढोल येतात. पण ढोल सुरू व्हायच्या आधी एक आवाज येतो. भरदार, जरा घोगरा, पुरुषी. तो विचारतो, "मागच्यांना ऐकू येतंय ना?" आणि हळदीचा अख्खा मांडव ओरडतो, "होऽऽ!"

हा आवाज माझ्या वडिलांचा आहे. काल मी कपडे खांद्यावर टाकून तिथेच उभा राहिलो आणि एकटाच हसलो. दोन वर्षांपूर्वी याच हंगामात, याच गॅलरीत, हाच आवाज ऐकताना मला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

पप्पांची गायन पार्टी होती, प्रबोधनाच्या गाण्यांची. दिवसा मोहन्याच्या कारखान्यात ड्यूटी आणि संध्याकाळी हार्मोनियम. जयंतीचा महिना लागला की घरात ते फक्त अंघोळीपुरते दिसायचे. आज विठ्ठलवाडी, उद्या उल्हासनगर, परवा कुठल्या टेम्पोत बसून खडवलीच्या पुढचं एखादं खेडं. स्टेज म्हणजे चार टेबलं जोडलेली, वर निळा कपडा, आणि बांबूला बांधलेले दोन कर्णे. पप्पा माइक हातात घेत, त्यावर टिचकी मारत आणि पहिलं वाक्य नेहमी हेच बोलत. मी लहानपणी विचारलं होतं, पुढच्यांना का नाही विचारत? तर म्हणाले, "पुढं बसलेल्याला ऐकू येतंच रे. तो पुढं बसलाय म्हंजे त्याची कुठंतरी ओळख हाय. मागं लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला इचारावं लागतं." मी तेव्हा कर्ण्याच्या अगदी खाली बसायचो, त्यामुळे मला सगळंच ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र मास्तरांचं काही ऐकू यायचं नाही.

माझ्या कारकिर्दीची सुरुवातही मांडवातच झाली. बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. चकाकणारा लाल शर्ट, गळ्यात पट्टा, आणि वरातीपुढे उलटं चालत वाजवायची कला. उलटं चालताना गटारात पडायचं नाही, हा त्या काळातला माझा मोठा रियाज. पुढे एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या खोलीत हळदीची गाणी बनवायला लागलो. त्या गाण्यांचा नियम एकच, कुठेही श्वास घ्यायचा नाही. बीट जरा थांबला की नाचणाऱ्यांना आठवण होते, की आपल्याला भूक लागलीय. ते जेवायला गेले की परत येत नाहीत. म्हणून जिथे जागा दिसेल तिथे काहीतरी भरायचं. सनई भरा, टाळ्या भरा, पोरांची शिट्टी भरा. भरण्यात माझा हात धरणारा ठाणे जिल्ह्यात कोणी नव्हता, हे मी नम्रपणे सांगतो.

आणि गाणी चोरीला जायची. संध्याकाळी मोबाइलवर सोडावं, तर दुसऱ्या हळदीला तेच गाणं भलत्याच कोणाच्या नावाने वाजायचं. त्यावर या धंद्यातला उपाय म्हणजे गाण्याच्या सुरुवातीलाच आपलं नाव ओरडून टाकायचं. जो तो आपल्या नावाची आरोळी ठोकत होता. मला माझं नाव असं ओरडायची लाज वाटायची. एकदा जेवताना सुचलं आणि मी पप्पांना म्हटलं, "तुमचं ते मागच्यांना वालं द्या ना मला."

पप्पांचा घास हातातच राहिला. "परबोधनाचा गळा हाय हा. हळदीत नाचवतो काय?"

"नाचवत नाही. फक्त विचारायचंय."

किती दिवस ते मानले नाहीत. मग एका दुपारी आपण होऊन कपाटाला गोधडी लावलेल्या माझ्या त्या तथाकथित स्टुडिओत आले, माइकवर टिचकी मारली, वाक्य बोलले आणि "बास" म्हणून निघून गेले. ती टिचकीसुद्धा मी ठेवली. त्यानंतर माझ्या प्रत्येक गाण्याच्या आधी ते वाक्य आलं. भिवंडीपासून बदलापूरपर्यंत मांडवामांडवांतून लोक त्याला "हो" म्हणायला लागले. बाजारात पप्पांनी नुसता मेथीचा भाव विचारला, तरी भाजीवाला पोरगा मान वर करून बघायचा, "काका, तुम्ही तेच ना?" पप्पा तोंड वाकडं करायचे. घरी येऊन आईला मात्र तेवढंच सांगायचे, भाजी काय आणली ते सांगायचे नाहीत.

आमचं दोघांचं एरवीचं बोलणं म्हणजे भांडण. तेही फक्त चालीवरून. "हा कोमल गंधार कशाला घातलास?" "पप्पा, तो कोमल नाहीये." "मला शिकवू नको." दुसऱ्या विषयावर आम्ही कधी फार बोललेलो नाही. माझी बारावी, माझं लग्न जमणं आणि मोडणं, त्यांची निवृत्ती, हे सगळं आईमार्फत इकडून तिकडे पोचायचं. चालीचं मात्र थेट. पाहुणे आले की आई आधीच सांगून ठेवायची, "घाबरू नका, गाण्याचं चाललंय."

मग तो सिनेमा आला. त्याआधी मी जाहिराती केल्या होत्या, गणपतीची गाणी झाली होती, एका मालिकेत दारं धाडकन उघडतात तिथले "ढॅण ढॅण" सुद्धा मीच पुरवले होते. पण सिनेमाचं पार्श्वसंगीत पहिलंच. दिग्दर्शिका अनघा, ठाण्याची, माझ्याहून वयाने बरीच लहान. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. बाई चालते, मीठ ओढते, भाकरी खाते, बोलत जवळजवळ नाही. माझ्यासारख्या भरणाऱ्या माणसाला तर मोकळं रानच मिळालं. मी पहिल्या सीनला ढीगभर व्हायोलिनं, एक सतार आणि लांबून येणारा एक आलाप लावून पाठवला.

अनघाचा फोन आला. "नितीनदादा, छान आहे. पण हे फार सांगतंय. तिला चालू द्या ना जरा नुसतं."

"नुसतं चालली तर लोक उठून जातील."

"कुठे जातील?"

जेवायला, असं तोंडावर आलं होतं. मी गिळलं.

त्याच दिवाळीत पप्पांचा आवाज बसला. फराळाचं तेलकट, फटाक्यांचा धूर, थंडी, अशी आम्ही एकेक कारणं काढत गेलो. हळदीचं दूध झालं, गुळण्या झाल्या, शेजारच्या काकूंचा ज्येष्ठमध झाला. आवाज बसला तो बसलाच. तंबाखू सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण त्या आजाराचं नाव घरात कोणीच घेत नव्हतं आणि सगळ्यांच्या मनात तेच होतं. शेवटी ठाण्याच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला आणि पडद्यावर दाखवलं. दोन पांढरट पट्ट्या, आणि एकीवर बारीकशी गाठ. मी आयुष्यभर ज्या आवाजावर पोसलो, तो एवढ्याशा दोन पट्ट्यांतून येत होता. डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, तपासायला पाठवू. नंतर काही आठवडे बोलणं पूर्ण बंद. कुजबुजही चालणार नाही, खाकरायचं नाही. मी विचारलं, आणि आवाज कसा येईल?

"तो आला की कळेल," डॉक्टर म्हणाले.

एवढं प्रामाणिक उत्तर मला त्या दिवशी नको होतं.

ऑपरेशन नीट झालं. पप्पा घरी आले आणि घर गप्प झालं. आईने ट्रंकेतून त्यांची पार्टीतली जुनी खंजिरी काढून दिली. पाणी हवं असेल तर खंजिरी, चहा हवा असेल तर खंजिरी, बातम्यांमधला माणूस मूर्खासारखा बोलला तर जोरात खंजिरी. आई वैतागायची. "परत पार्टी बसवली काय घरात?" बाकीचं ते मोबाइलवर लिहून दाखवायचे. 'मीठ कमी.' 'पंखा बंद.' गाण्याबद्दल मात्र एक अक्षर लिहायचे नाहीत. मी एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर एक चाल वाजवली, चुकीची वाजवली, की निदान चिडतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोबाइल उचलला, बोट काचेवर धरलं आणि परत खाली ठेवला. गाण्याचं काय लिहून सांगायचं, असा तो चेहरा होता. मी उठून माझ्या खोलीत गेलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. त्यांच्या जिवाची वाटत होतीच. ही वेगळी होती. हे भांडण कायमचं बंद झालं तर आम्ही एकमेकांशी बोलणार काय?

बाहेर मात्र हंगाम ऐन भरात होता. आंब्यांना मोहोर आला होता, बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले होते, आणि संध्याकाळ झाली की आजूबाजूच्या गावांतून दिवे आणि गाणी एकदम सुरू व्हायची. पिसवलीकडून एक, नांदिवलीकडून एक, आणि कधी कधी दोन्हीकडे माझीच. इकडे पप्पा खुर्चीत बसून गळ्याला मफलर गुंडाळून वाफाळतं पाणी पीत होते आणि तिकडे त्यांचाच आवाज सगळ्या मुलखाला विचारत फिरत होता.

आमच्याच गल्लीत एक हळद होती. नवऱ्यामुलाचा काका पत्रिका घेऊन आलेला. दारातूनच म्हणाला, "काका, आज तुम्ही लाइव बोलायचं हां! पोरं पागल होतील."

आईने त्याला आत बसवून सांगितलं. तो बिचारा एकदम खालच्या आवाजात गेला. "सॉरी हां, मला म्हाईत नव्हतं. मग तुमचं गाणं नाय वाजवत आम्ही. दुसरी लय गाणी हायत."

पप्पांनी खंजिरी एवढ्या जोरात हलवली की तो दचकला. मग त्यांनी मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. 'वाजवा.'

वाजवलं त्यांनी. दिवेलागणीला आम्ही तिघं गॅलरीत उभे होतो. खाली मांडवात पिवळ्या साड्या, पिवळे शर्ट, पोरांच्या गालांना हळद. खरखर झाली, टिचकी ऐकू आली, आणि मग, "मागच्यांना ऐकू येतंय ना?" सगळा मांडव "होऽऽ" म्हणाला. तो काकाही म्हणाला, आमच्याकडे वर बघून, हात उंचावून. मी पप्पांकडे पाहिलं. त्यांचे ओठ वाक्याबरोबर हलले होते. आईने झटकन त्यांच्या दंडाला धरलं. पण ते बोलले नाहीत. नुसता हात गळ्यावर ठेवून उभे राहिले, आणि खालच्या लोकांना मान हलवत राहिले.

मला माझ्याच गाण्याची भीती वाटली. समजा, आवाज आलाच नाही, तर? मग हा एवढाच उरणार, ढोलाच्या आधीचा, एका वाक्याचा. बाकी सगळं मी कधी रेकॉर्डच केलं नव्हतं. घरात माइक, मशीन, सगळं असताना मी त्यांचं एकही गाणं नीट घेतलेलं नव्हतं, कारण त्यांचा आवाज संपणार आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. गल्ली नाचत होती आणि मी रेलिंग घट्ट धरून उभा होतो.

त्या दिवसांत सिनेमाचं काम माझ्याच्याने होईना. सीन लावायचो, दोन सूर वाजवायचो, आणि पुढे सुचायचं नाही. तसंच अर्धवट अनघाला पाठवलं, वाटलं आता ही नक्की दुसरा कोणीतरी शोधेल. तिचा फोन आला. "दादा, हेच हवं होतं मला. किती संयमाने केलंय तुम्ही!" मी दमून सोडून दिलेलं तिला संयम वाटला. तिचा गैरसमज मी दूर केला नाही. पण नंतर एकट्याने तो सीन परत पाहिला. बाई चालते आहे, मीठ करकरतंय, आणि माझे दोन सूर कुठेतरी मागे. खरंच बरं वाटत होतं. या धंद्यात इतकी वर्षं मी लोकांना थांबू न देण्याचं काम केलं, आणि ही बाई माझ्याशिवाय चालू शकत होती. त्यात माझा थोडा अपमान होता, पण सुटकाच जास्त होती.

फक्त भाकरीच्या सीनला मी बासरी घेतली. बाई बांधावर बसून एकटी भाकरी खाते, तिथे. बासरीवाल्या मित्राला मुद्दाम शुक्रवारी बोलावलं, कारण शुक्रवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडची वीज जाते. वीज गेली की सोसायटीचा पंप बंद, सगळ्यांचे पंखे, मिक्सर, टीव्ही बंद. माझं मशीन इन्व्हर्टरवर. आम्ही डोंबिवली-कल्याणचे घरगुती स्टुडिओवाले अशीच रेकॉर्डिंग करतो, लोक ज्या वेळेला शिव्या देतात ती आमची सोन्याची वेळ. एरवी पप्पांना गप्प बसवणं हाच त्यातला अवघड भाग असायचा. त्या शुक्रवारी तोही नव्हता. घर रेकॉर्डिंगला इतकं चांगलं कधीच मिळालं नव्हतं, आणि हे मनात आलं तेव्हा मला कसंतरीच झालं.

बासरी सुंदर वाजली. पुढचे कितीतरी दिवस मी ती त्या सीनवर पुढेमागे सरकवत बसलो. भिंतीपलीकडे पप्पा दिवसभर तेच ऐकत असणार, येताजाता दारातून पडद्यावरची ती बाईही बघत असणार. त्यांच्याकडून काही आलं नाही, खंजिरीसुद्धा नाही.

रिपोर्ट आला तेव्हा आई खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी फोनवर ऐकलं, बाहेर आलो आणि म्हटलं, "साधी गाठ होती. काही वाईट नाहीये त्यात." पप्पांनी डोळे मिटून घेतले. आई "बरं झालं" म्हणाली आणि सोलत राहिली. थोड्या वेळाने पाहिलं तर टरफलं पातेल्यात होती आणि दाणे कचऱ्याच्या कागदावर. मी तिच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून ते परत वेगळे केले. त्या संध्याकाळी मी दोन वेळा जेवलो.

जीव वाचला, हे मोठंच होतं. पण माणूस हावरट असतो. जीव आहे म्हटल्यावर मला आवाजही हवा होता.

बोलायची परवानगी मिळाली तो दिवस थंडी ओसरल्यानंतरचा. ठाण्याला डॉक्टरांनी परत कॅमेरा घालून त्यांच्याकडून "ई" म्हणवून घेतलं. तो काही आवाज नव्हता, यंत्राला दाखवायची एक कसरत होती. "आता थोडं थोडं बोला," डॉक्टर म्हणाले. "ओरडणं नाही, गाणं तर आत्ता नाहीच." मी वळून पप्पांकडे पाहिलं. त्यांनी हाताने खूण केली, घरी. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षावाला सगळ्या जगाला शिव्या देत होता आणि पप्पा बाहेर बघत होते. मनात मात्र काहीतरी जुळवत असल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, काय बोलतील? आईचं नाव घेतील. निदान "बरं वाटतंय" तरी म्हणतील.

घरी आईने चहा ठेवला. आम्ही तिघं बसलो. पप्पांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं.

"ती बासरी काढ," ते म्हणाले.

आवाज खाली उतरला होता. कडेला खरवडल्यासारखा, वरची धार गेलेली. पण त्यांचाच होता. आईने पदर तोंडाला लावला. मी उगाच खाकरलो.

"कुठली बासरी?" मी विचारलं. मला माहीत होतं कुठली.

"ती बाय भाकर खाती तिथली. बाय रडत नाय. मग बासरी कशाला रडती?"

"अहो, हळू बोला," आई म्हणाली. "डॉक्टर काय म्हणले?"

"हळूच बोलतोय." मग माझ्याकडे. "काढतोस ना?"

"अनघाला आवडलीये ती."

"तिला आवडू दे. तू काढ."

"नाही काढणार."

पप्पा खुर्चीत पुढे सरकले. किती दिवसांनी त्यांच्या कपाळावर ती आठी दिसली. "का नाय काढणार?"

बासरी मी आदल्या दिवशीच काढून टाकली होती. मलाही ती खुपत होती, आणि तिच्याशिवाय तो सीन चांगला दिसत होता. पण तसं सांगितलं असतं, तर ते "बरं" म्हणून परत चहा प्यायला लागले असते.

"नाही काढणार म्हणजे नाही काढणार," मी म्हणालो. "का काढू? सांगा की नीट."

आणि ते सांगायला लागले.